पोट : एका शब्दाची व्याप्ती

मराठी भाषेला शरीरशास्त्र शिकवायचे झाले तर पहिली अडचण 'पोट' या शब्दाची येईल. वैद्यक ज्यांना जठर, आतडे, उदर आणि गर्भाशय अशी निरनिराळी नावे देते, त्या सर्वांसाठी आपल्याकडे हा एकच शब्द पुरतो. भूक लागते ती पोटात आणि मूल वाढते तेही पोटातच. 'पोटचे पोर', 'पोटुशी', 'पोट पडणे' हे प्रयोग गर्भाशयाचे. 'पोटार्थी', 'पोटापाण्याचा उद्योग', 'पोटावर पाय देणे' हे अन्नाचे. 'पोटतिडीक', 'अपराध पोटात घालणे' हे मनाचे. विभक्त झालेल्या बायकोला मिळते ती 'पोटगी'. शिवाय 'पोटमाळा', 'पोटकलम', 'पोटजात', 'पोटभाडेकरू' या शब्दांत पोट म्हणजे आतला, दुय्यम, मोठ्याच्या आत सामावलेला. व्याकरणाच्या तासाला या शब्दांची यादी फळ्यावर लिहिली की विद्यार्थी हसतात. एवढ्या कामांना एकच शब्द जुंपणारी भाषा त्यांना ढोबळ वाटते. मलाही ती बरीच वर्षे ढोबळच वाटत होती. अलीकडे मात्र, काही घरगुती कारणांमुळे, या ढोबळपणाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले आहे.

ते घरगुती कारण म्हणजे माझे आईवडील. भाईंदर पूर्वेला खारी गावात आमचे घर आहे. गिरगावातल्या चाळी मोडू लागल्या तेव्हा परवडेल तिथे सरकत सरकत जी मराठी कुटुंबे खाडीपर्यंत आली त्यांतलेच आमचे एक. नवघर, गोडदेव, खारी ही इथली जुनी गावे; आगरी वस्ती, भाताची खाचरे आणि मिठागरे यांची. नंतर इमारती उभ्या राहिल्या, आणि गावाच्या नावातला खार तेवढा नावातच उरला. या घरात माझ्या आईवडिलांनी चाळीस वर्षे एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाल्ले. दोघांनाही मधुमेह झाला. पण तो एकच आजार होता असे मला आता वाटत नाही.

वडील आयुष्यभर सडपातळ. वजन साठ किलोच्या वर कधी गेले नाही. सकाळची लोकल उभ्याने गाठायची आणि रात्रीची उभ्यानेच परत आणायची, अशा माणसाला साखर कशी होईल, असे सगळे म्हणत. त्यांना ती शेहेचाळिसाव्या वर्षी निघाली. आईला निघाली बावन्नाव्या वर्षी, पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर. त्या चार वर्षांत तिच्या कमरेचा घेर पाहता पाहता वाढला होता. दवाखान्यात दोघांच्या हाती एकच छापील आहारपत्रिका पडली. पाळी कधी गेली, हे आईला कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही कोणाला दिसले नसावे. साखरेचे डॉक्टर वेगळे, बायकांचे डॉक्टर वेगळे. शब्द एक होता तरी त्याच्या वाटण्या झाल्या होत्या.

वडिलांच्या कोड्याचे उत्तर मात्र आपल्याच प्रांतात शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलो वजनाची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी आणि पोटातले अवयवही लहान. पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला कृश, आतून मेदस्वी. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिकांनी आपले आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे तंतोतंत सारखे, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोन विद्वानांनी स्वतःच्या देहाचा दृष्टान्त करावा, हे आपल्या निबंधपरंपरेलाही शोभण्यासारखे आहे. चरकसंहितेने प्रमेहाच्या रोग्यांचे स्थूल आणि कृश असे दोन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांचे उपचारही निराळे मानले आहेत. ते वाचताना मला वडिलांची दंडाची हाडे आठवतात.

आईचे कोडे याहून अवघड आहे, आणि ते आजही पुरते सुटलेले नाही.

स्त्रीच्या बीजकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे केवळ प्रजननाचे द्रव्य नव्हे. इन्सुलिनचे काम सुकर होण्यास ते साहाय्य करते, आणि मेद कुठे साठवायचा हेही बऱ्याच अंशी तेच ठरवते. ते भरपूर असते तोवर मेद मांड्या-नितंबांवर बसतो. ते ओसरले की पोटाकडे वळतो आणि तिथे यकृत, रक्तदाब, साखर या सर्वांना उपद्रव देऊ लागतो. म्हणूनच तरुण वयात पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना असलेले संरक्षण रजोनिवृत्तीनंतर विरत जाते. पुरुषी संप्रेरक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनची गोष्ट तर अधिकच विलक्षण. २००६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की पुरुषात ते कमी असेल तर मधुमेहाचा धोका वाढतो आणि स्त्रीत ते जास्त असेल तर वाढतो. द्रव्य तेच, पण दोन देहांत त्याचा अर्थ उलटा. शब्दाचा अर्थ संदर्भावर ठरतो हे आपण वर्गात सांगतो. रेणूचाही ठरतो, हे मला या वाचनात कळले.

इथे इतिहासातला एक तपशील सांगितल्यावाचून राहवत नाही. संप्रेरक म्हटले की आपल्याला यौवन, दाढीमिश्या, पाळी हेच आठवते. पण मानवाने ओळखलेले पहिले संप्रेरक लैंगिक नव्हतेच. ते आतड्याचे होते. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या अस्तरातून निघून रक्तावाटे स्वादुपिंडाला जागे करणारे सिक्रेटिन शोधले. त्यावरूनच तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, स्टार्लिंग यांनी 'हार्मोन' हा शब्द रूढ केला. ग्रीक मूळ धातूचा अर्थ चेतवणे, प्रवृत्त करणे. आपला 'संप्रेरक' त्याचा चांगला प्रतिशब्द आहे. म्हणजे ज्या शास्त्राने पुढे पोट आणि प्रजनन यांचे दोन विभाग केले, त्याची मूळ प्रेरणा पोटातूनच आली होती.

आता पोटभाडेकरूंकडे येतो. आपल्या देहात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा २०१६ चा अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. एकास दहा हे जुने प्रमाण त्या गणिताने निकालात काढले. तरीही मालक आणि भाडेकरू संख्येने जवळजवळ बरोबरीचेच ठरतात. बहुतेक बिऱ्हाड मोठ्या आतड्यात. हे भाडेकरू नुसते राहत नाहीत, घराच्या व्यवहारात हात घालतात. यकृत वापरून झालेल्या इस्ट्रोजेनला एका शर्करायुक्त आम्लाची गाठ मारून पित्तावाटे आतड्यात टाकते. ते मलावाटे बाहेर जावे हा हेतू. पण काही जिवाणूंच्या जवळ ही गाठ सोडवणारे विकर असते. गाठ सुटली की इस्ट्रोजेन मोकळे होऊन आतड्यातून पुन्हा रक्तात शिरते. फिनलंडमधील संशोधकांना १९७०च्या दशकातच असे आढळले होते की गर्भवतीला प्रतिजैविक दिले तर तिच्या लघवीतले इस्ट्रोजेन घटते. जिवाणू मेले आणि परतीचा रस्ता बंद झाला. २०११ साली या गाठी सोडवणाऱ्या जिवाणुसमूहाला 'इस्ट्रोबोलोम' असे नावही मिळाले. बीजकोश थकल्यावर स्त्रीच्या देहात जे थोडके इस्ट्रोजेन फिरत राहते, त्याच्या हिशेबात या भाडेकरूंचाही वाटा असतो.

उलट दिशेचा पुरावाही आहे. २०१३ साली टोरोंटोतील संशोधकांनी आपोआप मधुमेह होणाऱ्या उंदरांच्या एका वाणावर प्रयोग केला. हा मधुमेह पहिल्या प्रकारचा, म्हणजे देहाच्या संरक्षणव्यवस्थेनेच स्वादुपिंडावर उलटण्याचा. या वाणात माद्यांना तो नरांपेक्षा अधिक होतो. जिवाणूंवाचून वाढवलेल्या उंदरांत हा लिंगभेद नाहीसा झाला. प्रौढ नराचे आतड्यातील जिवाणू लहान माद्यांना दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले आणि मधुमेहापासून त्यांचे रक्षण झाले. २०१९ साली चिनी संशोधकांनी बीजकोशात अनेक गाठी असलेल्या, पाळी अनियमित झालेल्या स्त्रियांच्या आतड्यांतले जिवाणू माद्यांना दिले. त्या उंदरांच्या बीजकोशांत आणि इन्सुलिनच्या कामातही बिघाड दिसला. स्त्रीपण आणि पुरुषपण ही केवळ जन्मतः मिळालेली वतने नव्हेत, त्यांची रोजची देवघेव आतड्यातही चालते, असे या प्रयोगांवरून म्हणता येते. उंदरांपुरते तरी.

'उंदरांपुरते तरी' हे शब्द मी मुद्दाम लिहिते. आपल्याला, साहित्याच्या माणसांना, साम्य दिसले की ते सिद्ध झाले असे वाटण्याची खोड असते. मराठीने गर्भ आणि भूक एकाच शब्दात बांधली म्हणून पूर्वजांना जिवाणू ठाऊक होते, असे सांगणारे लेख लवकरच फिरू लागतील. तसे काही नाही. भाषेने अनुभव एकत्र ठेवला. कारण तिला ठाऊक नव्हते. अनुभव एकत्र ठेवणे हीही लहान गोष्ट नाही, एवढाच माझा दावा आहे.

विज्ञानालाही या मोहाचा चटका बसलेला आहे. मधुमेही माणसांच्या आतड्यात अमुक जिवाणू घटतात, तमुक वाढतात, असे सांगणारे स्वीडन आणि चीन येथील अभ्यास एकमेकांशी जुळेनात. २०१५ साली उलगडा झाला की त्यांतल्या कित्येक खुणा आजाराच्या नव्हत्याच. त्या मेटफॉर्मिन या औषधाच्या होत्या. रोगाची म्हणून वाचलेली संहिता औषधाने लिहिलेली निघाली. पाठचिकित्सा करणाऱ्याला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. २०१२ साली ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ व्यक्तींच्या विष्ठेतले जिवाणू चयापचयाचा विकार असलेल्यांच्या आतड्यात सोडण्यात आले, आणि सहा आठवड्यांनी त्यांची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली. पुढच्या अभ्यासात हा परिणाम काही महिन्यांत ओसरतो असे दिसले. प्रयोग गाजला, तो अजून उद्धृत होतो. पण त्यातले सर्व रुग्ण पुरुष होते. जिथे लिंगाचा प्रश्नच मध्यवर्ती आहे तिथे अर्धी माणसे गैरहजर. माझ्या आईच्या वयाच्या बाईसाठी त्या प्रयोगाचा अर्थ काय, हे त्या प्रयोगाला सांगता येत नाही.

आणि ही गैरहजेरी आपल्याला परवडणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पहिल्यांदा लोकांची कंबर मोजली. त्या मोजमापांवरून काढलेल्या हिशेबात भारतातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचे पोट धोक्याच्या रेषेपलीकडे होते, पुरुषांचे १२ टक्के. दोघांसाठी रेषा निराळी धरली जाते हे लक्षात घेतले तरी अंतर मोठेच उरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले.

आमच्या घरात या आकड्यांची मुळे कुठे असतील, हे शोधताना मी स्वयंपाकघराशी येऊन थांबते. जिवाणूंची निवड आपण खातो त्या अन्नाने होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला या, तंतुमय वनस्पतिजन्य आहारावर पोसणाऱ्या, जिवाणूंचे प्राबल्य आढळले. ते भाकरी, डाळी आणि पाल्याभाज्यांचे पाहुणे. आईने आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. भाजी संपलेली असे, भात उरलेला असे. मंगळवार, चतुर्थी, एकादशी, हरतालिका हे उपवास तिचे. वडिलांचा एकही नाही. उपवास म्हणजे साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे तंतूवाचून निव्वळ पिष्ट. व्रत कुटुंबाच्या कल्याणाचे, साखर मात्र व्रत करणाऱ्या बाईची. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. शेजारच्या आगरी आजी सुका जवळा घातलेली वांगी वाटीतून पाठवत, तीही आई आधी आम्हाला वाढत असे.

याज्ञिकांच्या खेड्यांत साठ टक्क्यांहून अधिक गर्भवतींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ सालचा. ब-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही, कोणताही प्राणी बनवत नाही. ते सूक्ष्मजीवच बनवतात. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूही बनवतात. पण ते शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे कारखाना दुकानाच्या खालच्या अंगाला. भाडेकरू पक्वान्न रांधतो आणि घरमालक उपाशी राहतो. शेवटी आपण दूध, अंडी, मासळी यांच्या वाटेने दुसऱ्या प्राण्याच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते घेतो. आणि घरातले दूध शेवटी कोणाच्या वाट्याला येते, हे सांगायला नको.

जिवाणूंसाठी मराठीत 'जंतू' हा शत्रूचा शब्द आहे. मित्राचाही एक आहे, 'विरजण'. चाळीत ते वाटीतून घरोघर फिरे, आणि ते टिकवणे हे बाईचे काम असे. दह्यातले जिवाणू आतड्यात कायमचे बिऱ्हाड करत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात. तेव्हा जाहिरातींच्या आश्वासनांवर जाऊ नये. पण आपल्या वाक्प्रचारात उत्साहावर 'विरजण पडते' तेव्हा तो शब्द वाईट का झाला, याचे मला कोडे आहे. स्वयंपाकघरात ज्याने दूध सत्कारणी लागते तेच बैठकीच्या खोलीत आनंदाचा नाश करते. शब्दांनाही बायकांचे काम नकोसे वाटते की काय कोण जाणे.

पोट या शब्दाच्या दोन अर्थांची सर्वांत क्रूर गाठ मात्र बीड जिल्ह्यात पडली. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो. पाळी, गर्भारपण, अंगावरून जाणे यांना त्या हिशेबात जागा नाही. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडच्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भपिशवी काढली आणि बीजकोश राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याकडे कल असतो. बीजकोशही काढले तर ती त्याच दिवशी येते. म्हणजे पोटापाण्यासाठी पोट काढून टाकले, आणि संप्रेरकांचे संरक्षण तिशी-चाळिशीतच गेले. ज्या साखरेसाठी ही मोळी बांधली ती साखर पुढे रक्तात भेटण्याची शक्यता वाढली. हा उपरोध कुठल्याही कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

आपल्या साहित्याने पोटाचा एक अर्थ फार समर्थपणे लिहिला. 'बलुतं' १९७८ साली आले आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी मराठीला भूक म्हणजे काय ते शिकवले. पण भुकेनंतर जे येते, पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहिलेल्या देहाला एकाएकी साखर, तेल आणि मैदा मिळू लागल्यावर जे होते, ते अजून आपल्या गद्यात फारसे उतरलेले नाही. मधुमेह पात्राच्या तोंडी विनोदापुरता येतो: चहात साखर नको, लाडू लपवून खाल्ला. रजोनिवृत्ती तर तेवढीही येत नाही. या शब्दातही 'निवृत्ती' आहे, जणू बाई सेवेतून मोकळी झाली; प्रत्यक्षात देहाची खरी कामगिरी तेव्हा सुरू होते.

विद्यार्थ्यांनी जिवाणुशास्त्र शिकावे असे माझे म्हणणे नाही. आपल्या हाती असलेले साधन वाचनाचे आहे, आणि तेही पुरेसे तीक्ष्ण आहे. एखादे आत्मचरित्र, एखादी कौटुंबिक कादंबरी हाती घेतली की जात, वर्ग, लिंग यांचे प्रश्न आपण विचारतोच. त्यांत आणखी दोन साधे प्रश्न असावेत. या घरात शेवटी कोण जेवते, आणि तिच्या ताटात काय उरलेले असते?